पेंटलँड फर्थ : वारा आणि ओहोटी समोरासमोर

स्कॉटलंडचे उत्तर टोक आणि ऑर्कनी बेटे यांमधील पेंटलँड फर्थ ही सामुद्रधुनी अटलांटिक महासागराला उत्तर समुद्राशी जोडते. दोन्ही बाजूंच्या भरतीच्या वेळा भिन्न असल्याने पाण्याच्या पातळीत फरक पडतो व अरुंद वाटेतून प्रवाह वेगाने धावतो. उधाणाच्या दिवसांत काही ठिकाणी हा वेग ताशी १२ सागरी मैलांपर्यंत जातो. अनेक लहान मालवाहू जहाजांना स्वतःलाही एवढी गती नसते.

भरतीचा प्रवाह पूर्वेकडे आणि ओहोटीचा पश्चिमेकडे वाहतो. पश्चिमेचा वादळी वारा ओहोटीला समोरून भिडला, की लाटा आखूड, उंच आणि उभ्या होऊन फुटू लागतात. मे या गावासमोर उसळणाऱ्या अशा पाण्याला ‘मेरी मेन ऑफ मे’, म्हणजे ‘मेचे आनंदी गडी’, म्हणतात. नाव गमतीचे असले तरी खलाशी या जागेची धास्ती बाळगून असतात. स्ट्रोमा बेटाच्या उत्तरेस ‘स्वेल्की’ हा भोवराही आहे.

२ जानेवारी २०१५ रोजी ‘सेमफ्योर्ड’ हे सिमेंटवाहू जहाज अशाच स्थितीत उलटले. मदतीचा संदेशही गेला नाही. दुसऱ्या दिवशी एका प्रवासी जहाजाला त्याचा उपडा सांगाडा दिसला. आठही कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला.

येथे वाऱ्याचा अंदाज एकटा पुरेसा नसतो. तो भरती-ओहोटीच्या कोष्टकासोबतच वाचावा लागतो. वारा कायम राहिला तरी प्रवाह वळताच, काही तासांत, तेच पाणी बरेच निवळते.