गुंतवणूक लवादाचा विद्यापीठीय अभ्यास आणि दाभोळ प्रकरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद आणि गुंतवणूक लवाद हे विषय विधी अभ्यासक्रमात बहुधा कलमे, करार व परदेशी निवाडे यांच्या आधारे शिकविले जातात. त्यामुळे हे विषय लंडन-पॅरिसचे आहेत, आपल्या परिसराशी त्यांचा संबंध नाही, असा विद्यार्थ्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः भारतातील गुंतवणूक लवादाचा एक आरंभीचा व महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्रात घडला. गोरेगाव ही मृणाल गोरे (1928-2012) यांची कर्मभूमी. पाण्याच्या प्रश्नावरील लढ्यांमुळे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणालताई एन्रॉन प्रकल्पविरोधी आंदोलनातही सहभागी होत्या. गोरेगावच्या विद्यार्थ्याला ज्ञात असलेल्या या आंदोलनाचीच दुसरी बाजू म्हणजे दाभोळचा लवाद होय.

पूर्वपीठिका

पंचांकरवी तंटा मिटविण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. 1818 नंतर एल्फिन्स्टनने दख्खनमध्ये पंचायतीची पद्धत टिकविण्याचा प्रयत्न केला. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या सातव्या रेग्युलेशनने लवादाला कायद्याचे रूप दिले. पुढे 1899 व 1940 चे कायदे आले. भारताने 1960 मध्ये न्यूयॉर्क कराराला मान्यता दिली आणि 1996 च्या कायद्याने देशी व परदेशी निवाड्यांची तरतूद एकत्र आणली. गावातील पंच दोन्ही पक्षांच्या ओळखीचा असे आणि निवाडा चारचौघांत होई. आंतरराष्ट्रीय लवादात मात्र स्थळ, कायदा व पंच हे सारे करारानुसार ठरते आणि कामकाज सामान्यतः गोपनीय राहते. दाभोळ प्रकरणात हा फरक ठळकपणे दिसतो.

करार आणि वाद

जून 1992 मध्ये एन्रॉन व महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांच्या दाभोळ पॉवर कंपनीने गुहागर तालुक्यात प्रकल्प उभारावयाचा होता. राज्य शासनाने हमी, तर केंद्र शासनाने प्रतिहमी दिली. वादाचा निर्णय लंडनमधील लवादाने व्हावा, असे करारात होते.

ऑगस्ट 1995 मध्ये युती शासनाने प्रकल्प रद्द केला. कंपनीने तत्काळ लंडनमध्ये लवाद सुरू केला, तर शासनाने करारच अवैध असल्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात दाखल केला. मात्र काही महिन्यांतच त्याच शासनाने वाटाघाटी करून सुधारित करार केला. 1999 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. महागडी वीज घेणे मंडळाला परवडेना. मे 2001 मध्ये मंडळाने करार रद्द केला आणि प्रकल्प बंद पडला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने कंपनीस लंडनमधील लवाद पुढे चालविण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

मॉरिशसमार्गे लवाद

भारत व अमेरिका यांच्यात द्विपक्षीय गुंतवणूक करार नव्हता. तथापि अमेरिकी कंपन्यांची गुंतवणूक मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत आली होती आणि भारत-मॉरिशस करार 2000 मध्ये अमलात आला होता. या कराराच्या आधारे जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांनी भारत सरकारविरुद्ध दावा केला. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनीही आपापल्या देशांच्या करारांचा आधार घेतला. करारात मान्य केलेला दाद मागण्याचा मार्गच रोखला गेला, हा गुंतवणूकदारांचा प्रमुख आक्षेप होता. एप्रिल 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या लवादाने, कंपनीच्या भागधारकांमधील करारासंबंधीच्या वादात, महाराष्ट्रातील पक्षांविरुद्ध निवाडा दिला. त्याच वर्षी तडजोडी होऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे प्रकल्प गेला.

अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्व

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वाद उद्भवण्यापूर्वीच त्याचे बरेचसे भवितव्य करारातील लवादाच्या कलमाने व गुंतवणुकीच्या मार्गाने ठरलेले असते. स्वतः मान्य केलेले कलम नंतर नाकारल्याने शासनाची जबाबदारी टळली नाही, उलट नवे दावे उभे राहिले. दुसरी, ज्यांच्या वीजबिलावर व करावर अंतिम भार पडणार होता ते नागरिक, तसेच गुहागरचे ग्रामस्थ, लवादात पक्षकार नव्हते. त्यांचे म्हणणे मांडण्यासाठी न्यायालयातील याचिका आणि रस्त्यावरील आंदोलन हेच मार्ग उरले होते. उच्च न्यायालयात कामगार संघटनेच्या वतीने केलेली याचिकाही डिसेंबर 1996 मध्ये फेटाळली गेली.

पुढे 2011 मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज प्रकरणात भारताविरुद्ध निवाडा लागला. त्यानंतरच्या 2015 च्या नव्या करार-नमुन्यात गुंतवणूकदाराने आधी किमान पाच वर्षे देशांतर्गत उपाय योजावेत, अशी अट घातली गेली.

समारोप

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी पर्यायी वादनिवारण हा विषय विधी पदवीसाठी अनिवार्य केला आणि 2016 मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र स्थापन झाले. मुंबईचा विद्यार्थी यापुढे अशा करारांचा मसुदा करील, कदाचित पंचही होईल. लंडनच्या निवाड्यांबरोबर त्याने दाभोळचा वीज खरेदी करार आणि त्याविरुद्धच्या आंदोलनाचा इतिहासही अभ्यासला, तर प्रत्येक कलमामागे ते फेडणारा नागरिक उभा असतो, याचे भान त्याला राहील.