नांगर, मासिक आणि स्मरण

मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही तीन नावे बहुधा एका दमात घेतली जातात. मध्यमवर्गीय वाचकाची अभिरुची आणि त्याचा सुधारणावाद यांची जडणघडण समजून घ्यायची तर या मासिकांना वगळून चालत नाही, याविषयी दुमत नाही. परंतु यांपैकी पहिल्या मासिकाचा जन्म वाङ्मयसेवेच्या संकल्पातून झालेला नव्हता. गिऱ्हाइकाला नांगराचा विसर पडू नये, ही त्यामागची निकड होती. वाङ्मयेतिहासात या गोष्टीचा उल्लेख एखाद्या वाक्यात होतो आणि लेखणी पुढे सरकते. त्या वाक्यापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तेथून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्यांच्या मनात संशय होता. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होईल, अशी भीती त्या काळी बोलून दाखवली जाई. तो संशय हळूहळू ओसरला, तरी दुसरी अडचण शिल्लक होतीच, आणि ती नांगराच्या स्वभावातच होती. चांगला नांगर एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे माल जितका उत्तम, तितकी गिऱ्हाइकाची पुढची फेरी लांबते. मधल्या काळात कारखान्याचे नाव मनातून पुसले गेले, तर पुढच्या खरेदीच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते.

येथे गावच्या सुताराची आठवण होते. लाकडी नांगर करणाऱ्या त्या बलुतेदाराला जाहिरातीची गरज नव्हती. तो रोज दृष्टीस पडे. सुगीला त्याचे बलुते मोजले जाई. औत मोडले की शेतकऱ्याची पावले आपोआप त्याच्या दाराकडे वळत. गिऱ्हाइकाच्या स्मरणात राहण्याची सोय ग्रामव्यवस्थेनेच त्याला करून दिली होती. दूरच्या माळावर उभ्या असलेल्या कारखान्याला ती सोय कोठून मिळणार? सुताराचे ते नित्य दर्शन कारखान्याला कष्टाने आणि खर्चाने मिळवावे लागणार होते. आधुनिक जाहिरातीच्या मुळाशी हे अंतर आहे, असे आम्ही मानतो. माल करणारा आणि वापरणारा एकमेकांच्या नजरेआड गेले, की स्मरण ही आपोआप घडणारी गोष्ट राहत नाही. ते सातत्याने राखावे लागते.

वर्तमानपत्रातील जाहिरात हे काम एका दिवसापुरते करते. शं. वा. किर्लोस्कर (१८९१-१९७५) यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते या मर्यादेवरचे उत्तर होते. कल्पना जगात अगदीच नवी नव्हती. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १८३७ मध्ये पोलादी नांगर घडवणाऱ्या जॉन डीअरच्या नावाने जी कंपनी उभी राहिली, तिने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक काढले. ‘फरो’ म्हणजे नांगराने पाडलेले तास. फोर्ड मोटार कंपनीचे ‘फोर्ड टाइम्स’ १९०८ मध्ये निघाले. ज्या १८९५ मध्ये ‘द फरो’ निघाले, त्याच वर्षी काशीनाथ रघुनाथ मित्रांचे ‘मनोरंजन’ मराठीत सुरू झाले, हा योगायोग खरा. पण तो आपल्या विषयाला उपयोगी आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) आणि ‘मनोरंजन’ यांनी महिन्याच्या महिन्याला वाट पाहणारा वाचक मराठीत तयार करून ठेवला होता. शंकररावांनी कारखान्याची गरज या तयार झालेल्या सवयीशी जोडली. नांगराची खरेदी वर्षांच्या हिशेबाने होत असेल, पण अंक दर महिन्याला घरी येतो, आणि अंकाबरोबर नावही येते.

मात्र सातत्य म्हणजे तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवणे असते, तर वाचकाने अंक न उघडताच बाजूला ठेवला असता. शंकरराव चित्रकार होते. ‘टाकाच्या फेकी’ या त्यांच्या व्यंगचित्रांतून आणि ‘शंवाकि’ या सहीतून मासिकाला एक ओळखीचा चेहरा लाभला. विषय बदलत, लेखक बदलत. पण उद्योग, स्वावलंबन आणि रूढीची चिकित्सा यांविषयीची भूमिका ढळत नसे. १९३० च्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून वाचकांपुढे आले. लोखंडाने जमीन विटाळते असे मानणारे मन आणि पोथीतले प्रत्येक वचन प्रमाण मानणारे मन ही एकमेकांची शेजारी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निबंधांचे नांगराशी असलेले नाते दिसू लागते. कारखान्याला नांगर विकायचा होता. त्यासाठी नांगर स्वीकारणारे मन घडावे लागत होते.

पुढे मासिकाच्या नावातील ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. ‘खबर’ होते तोवर ही कारखान्याची बातमी आहे याची जाणीव शीर्षकातच होती. ती गेल्यावर कारखान्याचे नाव हेच मासिकाचे नाव झाले, आणि ‘किर्लोस्कर वाचले का?’ एवढ्या प्रश्नातही ते नाव उच्चारले जाऊ लागले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. आता घरातील गृहिणी आणि तरुण मंडळी यांच्यापर्यंतही या घराण्याच्या मासिकांची वाट गेली. व्यापारी हिशेबाने हे सारे सुसंगतच आहे. परंतु स्त्रियांचे शिक्षण, विवाह, अर्थार्जन यांवर ‘स्त्री’मधून जी चर्चा घडली, तिचा उलगडा नुसत्या या हिशेबाने होत नाही. साधन म्हणून जे आरंभले, त्याने स्वतःचा धर्म शोधला.

यावर कोणी म्हणेल, ही अखेर जाहिरातच. तिला वाङ्मयाची प्रतिष्ठा का द्यावी? आक्षेप हलका नाही. ज्या मासिकाच्या पाठीशी कारखाना उभा आहे, ते कामगाराच्या बाजूने किती बोलू शकते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अंक समोर ठेवून तो तपासणे हे अभ्यासकाचे काम आहे. पण जाहिरातीचा स्पर्श म्हणजे वाङ्मयाला डाग, असे मानून तो भाग वगळणे हे त्याचे उत्तर नव्हे. संस्थानिकाच्या आश्रयाने लिहिली गेलेली काव्ये आपण आश्रयदात्याच्या उल्लेखासह वाचतो. मग कारखान्याच्या आश्रयाला वाढलेले गद्य वाचताना आश्रयदात्याकडे पाठ का फिरवावी?

येथे एक साधी, हाताशी असलेली अडचण सांगावीशी वाटते. ग्रंथालयांत मासिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जातात. उरतात ते लेख. त्यामुळे पुढच्या पिढीच्या हाती येणारे मासिक जणू कोणाच्याही पैशाशिवाय निघालेले दिसते, आणि इतिहासाचा एक पुरावा नकळत रद्दीत जातो.

स्मरणाचा नियम मासिकांनाही चुकला नाही. ‘स्त्री’चे संपादन केलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे नवे मासिक सुरू केले, आणि ‘स्त्री’चा वारसा निराळ्या नावाने पुढे गेला. किर्लोस्करांचे पंप आणि इंजिने बाजारात राहिली, त्यामुळे ते नाव व्यापारात जिवंत राहिले. परंतु दर महिन्याला दारात येणारा अंक थांबला, तसे मासिकाचे नाव घराघरांतून ओसरले आणि परीक्षेच्या टिपणापुरते उरले. पुष्कळ विद्यार्थी तर ‘किर्लोस्कर’ म्हटले की ‘संगीत शाकुंतल’च्या अण्णासाहेबांपाशीच थांबतात. पूर्वपुण्याईवर कोणतेही नाव फार काळ तगत नाही, मग ते नांगराचे असो वा नियतकालिकाचे. नांगराची आठवण राखण्याचे काम एकेकाळी मासिकाने केले. मासिकाची आठवण राखण्याचे काम आता वर्गात शिकवणाऱ्यांकडे आणि ग्रंथालयांकडे आले आहे. त्याची सुरुवात निदान पुढचा खंड बांधायला देताना जाहिरातीची पाने वाचवण्यापासून करता येईल.