गोचा खिसा कुणी शिवला?

भूतानमध्ये पारोतल्या एका दुकानात मी पहिल्यांदा गो, म्हणजे तिथल्या पुरुषांचा झगा, अंगात घातला, तर तो थेट घोट्यापर्यंत आला. माप चुकलं असं वाटून मी तो काढायला लागलो. दुकानातल्या बाईंनी थांबवलं. दोन्ही बाजूंचं कापड मागे नेऊन त्यांनी दोन चुण्या घातल्या, सगळा गो गुडघ्यापर्यंत उचलला आणि केरा, म्हणजे विणलेला अरुंद पट्टा, कमरेला करकचून आवळला. वरचं जास्तीचं कापड पोटावर फुगून राहिलं. हाच तो हेमचू, भूतानी पुरुषाचा खिसा. पूर्वी त्यात जेवणाचा वाडगा असे, आता मोबाइल असतो.

हा खिसा कुणी शिवलेलाच नाही. आपल्या ओच्यासारखा तो बांधण्यातून होतो. मला गोची सगळी कुळकथा या फुगवट्यातच दिसते.

सर्रास सांगतात ते असं: १६१६ साली तिबेटातून येऊन भूतान एकसंध करणाऱ्या झाबद्रुङ न्गावाङ नामग्याल यांनी प्रजा तिबेटींपासून वेगळी दिसावी म्हणून हा पोशाख ठरवला. १९८९च्या राजाज्ञेनं तो सक्तीचा झाला. दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना ती सक्ती फार जाचली.

पण शब्द काय सांगतो? तिबेटीत ‘गोस’ म्हणजे नुसतं वस्त्र. बायका कीरावर, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्रावर, जे जाकीट घालतात त्या ‘तेगो’तही हाच गो आहे: वरचं वस्त्र. वेगळेपणासाठी नवा पोशाख घडवला असता, तर त्याला नावही नवं मिळालं असतं. शिवाय पूर्व तिबेटातले खाम्पाही आपला छुपा, म्हणजे लांब झगा, वर खोचतात आणि फुगवट्यात सामान ठेवतात. तेव्हा माझं मत असं: झगा जुनाच, चढउताराच्या वाटांवर तो वर खोचायची सवयही जुनीच. झाबद्रुङांनी त्या सवयीला शिस्त लावली. काठ गुडघ्याशी, बाह्यांना लागे, म्हणजे दुमडलेले पांढरे कफ, चुण्या सरळ.

दुसऱ्या दिवशी गो मी स्वतः बांधला. केरा जरा सैल राहिला. चढावर कापड हळूहळू खाली उतरलं, पोटावरचा फुगवटा सपाट झाला आणि पाकीट पायाशी पडलं. गो पुन्हा घोट्यापर्यंत आला होता. तिथंच वाटेत उभं राहून मी तो परत उचलला आणि या वेळी केरा श्वास रोखून बांधला.