शोलापूर पंप

हापसा हा शब्द आम्हाला कुणी शिकवला नाही. दांडा हापसायचा म्हणून तो हापसा. सरकारी कागदावर त्याला हातपंप म्हणतात, पण हातपंपावर पाणी आणायला गेलेली बाई मी अजून बघितली नाही. सगळ्या हापशावरच जातात. शाळेपुढं, देवळामागं, वस्तीच्या तोंडाला तीन पायांवर उभा असलेला हा लोखंडी गडी आपण रोज बघतो आणि त्याच्याकडं लक्ष देत नाही. त्याचं मूळ आपल्या सोलापूरशी बांधलेलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून हा लेख.

हापसा यायच्या आधी पाणी वर काढायचं काम मोटेचं आणि रहाटाचं. मोट म्हणजे साधी गोष्ट नव्हती. चाक आणि कणा सुताराचा, लोखंडी कडं लोहाराचं, कातडं आणि त्याची शिवण चांभाराची. मोट फाटली की ठिगळ लागायचं, कणा कुरकुरला की सुताराला हाक जायची. बैल धावेवरून उतरताना चाकाचा आवाज जरा बदलला तरी आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, जेवता जेवता मान वर करायचे. "कणा झिजलाय, दोन दिवसांत बसंल," म्हणायचे. आणि तसंच व्हायचं. आण्णांना सही करताना घाम फुटायचा, पण आवाजावरून दुखणं ओळखायची विद्या त्यांच्या कानात होती. यंत्र गावात आलं तेव्हा ही विद्या आधीच तयार होती, हे ध्यानात ठेवा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी तेव्हा बारा वर्षांचा. सांगोल्याकडच्या आमच्या माळरानावर आडाच्या तळाला चिखलसुद्धा राहिला नाही. आईबाप खडी फोडायला आणि आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत, असे ते दिवस. काळ्या पाषाणात साधी विहीर खणायची तर वर्षं जायची. त्या काळात खडकात भोक पाडणारी मशीनं देशात आली. युनिसेफनं ती आणायला मोठी मदत केली. चार-सहा इंच तोंडाचा, शे-दीडशे फूट खोल बोअर दोन-तीन दिवसांत पडायला लागला. धुरळा उडत असताना सगळा गाव भोवती उभा असायचा. पाणी लागलं की माणसं नारळ फोडायची.

बोअर झाला, पण पाणी वर कसं काढायचं? त्या वेळी बसवले जायचे ते हापसे बिडाचे. त्यांची घडण युरोप-अमेरिकेतल्या परसातल्या पंपांवरून घेतलेली. तिकडं एका घरातली चार माणसं दिवसातून चारदा दांडा हलवणार, त्या हिशेबानं तो केलेला. आमच्याकडं पहाटे चारला घागरींची रांग लागायची आणि रात्री दहाला संपायची. दांडा गार व्हायचा नाही. बीड कडक असतं पण ठिसूळ. ते वाकत नाही, एकदम तडकतं, आणि तडकलेलं बीड गावच्या भात्यावर जोडता येत नाही. दांड्याची खीळ झिजायची, मग दांडा डावी-उजवीकडं डुलायचा, त्या डुलण्यानं आतली सळई वाकडी चालायची आणि एक दिवस सगळंच मोडायचं. आमच्या गावचा पहिला हापसा असाच गेला. १९७४ च्या सुमाराला पाहणी झाली तेव्हा देशातल्या असल्या चार हापशांतले तीन बंद पडलेले निघाले. म्हणजे पाणी खाली होतं, भोक पाडलेलं होतं, आणि बायका पुन्हा दोन कोस चालत होत्या.

ह्यावरचा तोडगा मराठी मुलखातच निघाला. जालन्यात मिशनची माणसं बोअर पाडायची आणि हापसे बसवायची. मोडलेले हापसे पुन्हा पुन्हा दुरुस्त करून ती वैतागली आणि त्यांनी बीड सोडून पोलादाचा हापसा केला. पुढं सोलापुरात त्याची आणखी मजबूत जात निघाली. सोलापूर वेल सर्व्हिस नावानं विहिरी-बोअरचं काम चालायचं, तिथला हा हापसा. इंग्रजी कागदांत आपल्या शहराचं जुनं स्पेलिंग, म्हणून जगभर त्याचं नाव 'शोलापूर पंप' पडलं. त्या वेळच्या हापशांत सगळ्यात टिकाऊ तो हाच. त्याची घडण करणाऱ्याची ओळख ह्या इतिहासात एवढीच दिलेली असते, की तो स्वतःचा स्वतः शिकलेला मेकॅनिक होता.

त्यानं केलं काय, ते समजून घेण्यासारखं आहे. दांडा एकाच आसावर फिरतो आणि आसाला बंद बेरिंग, म्हणजे धूळ आत जात नाही. दांड्याच्या पुढच्या टोकाला गोल कमान आणि कमानीवरून सायकलीसारखी चेन. चेनला सळई लटकवलेली. दांडा खाली दाबला की चेन कमानीवर गुंडाळत सळईला नीट उभी वर ओढते. सळई इकडंतिकडं जात नाही, म्हणून दट्ट्या एका बाजूनं झिजत नाही. दांडा सोडला की सळई आपल्याच वजनानं खाली जाते. दांडा भरीव आणि जड, त्यामुळं खालच्या सळयांचं वजन तो तोलून धरतो आणि बारा वर्षांची पोरगीसुद्धा हापसू शकते. सगळं पोलादाचं, म्हणजे तुटलं तर वेल्डिंगवाला जोडून देतो.

असला विचार कोऱ्या कागदावर सुचत नाही. जिथं जिथं जुना हापसा मोडत होता, तिथं तिथं ह्या माणसानं बदल केलेला दिसतो. शंभर मोडके हापसे ज्यानं हातानं खोलले, त्यालाच कळतं की खीळ झिजते आणि का झिजते. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, तेव्हापासून मागाला आणि इंजिनाला हात घालणारी माणसं ह्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खात्यातला जॉबर माणसांवर नजर ठेवायचा आणि बिघडलेला मागही तोच बघायचा. अशा गावात दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातून नवं यंत्र निघालं ह्यात मला नवल वाटत नाही.

पुढं युनिसेफ आणि सरकारनं मिळून ह्या शोलापूर पंपाच्या पायावर नवा हापसा बेतला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास ह्या सरकारी कंपनीनं तो घडवला, कोईमतूरकडच्या खोल बोअरवर १९७६-७७ साली त्याची परीक्षा झाली आणि मग तो देशभर गेला. तो म्हणजे 'इंडिया मार्क दोन'. त्यावर कुणी हक्क राखून ठेवला नाही, ज्याला करायचा त्यानं करावा. १९९० नंतरच्या पाच-सहा वर्षांपर्यंत असे पन्नास लाखांवर हापसे जगात बसले होते. आफ्रिकेत युगांडा, माली अशा देशांतही ह्याच घडणीवर बायका पाणी भरतात.

आमच्या गावाला नवा हापसा आला तेव्हा मी दहावीच्या आसपास होतो. तो सहजी मोडायचा नाही, पण लोखंड म्हटलं की झीज आलीच. तालुक्याहून माणूस यायला आठवडा लागायचा. तोवर काय, तहान थांबते का? मग गावानं हापशाचा आवाज शिकून घेतला. वर कडकड वाजलं तर चेनला ग्रीस नाही. सकाळी पहिल्यांदा पंधरा-वीस वेळा हापसल्यावर पाणी येतंय तर खालची झडप गळतीय, रात्रीतून पाइपातलं पाणी परत बोअरात जातंय. पाणी येतंय पण धार बारीक झाली, तर दट्ट्याचं वायसर झिजलं. दांडा एकदम हलका लागला, तर सळई तुटली किंवा सुटली. ह्यातलं पहिलं निदान नेहमी बायकांचं असायचं, कारण दांडा त्यांच्याच हातात. आई घागर ठेवता ठेवता सांगायची, "आण्णास्नी सांगा, आज दांडा हलका लागतोय." आणि आण्णा पाना शोधायला लागायचे.

वायसर कातड्याचं असायचं. एकदा ते गेलं आणि नवं मिळेना. वस्तीवरचे मोट शिवणारे काका आले. त्यांनी जुन्या मोटेचं चांगलं राहिलेलं कातडं कापलं, पाण्यात भिजवलं. सुतारानं बाभळीच्या लाकडाचा वाटीएवढा साचा करून दिला. त्यात कातडं दाबून वाटीचा आकार आणला, वाळवलं आणि करडईच्या तेलात रात्रभर ठेवलं. लोहारानं पाइप धरायचा चिमटा करून दिला. आठ गडी पाइप वर ओढायला लागले. वायसर बसलं आणि हापसा तीन महिने चालला. मोट तोवर इतिहासजमा झाली होती, पण तिचं कातडं हापशाच्या पोटात बसून पाणी वर काढत होतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. पाइप ओढायला धरलेल्या त्या आठ जणांत कोण कुठल्या वस्तीचा हे कुणी विचारलं नाही. एरवी आडावर ज्यांना पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांच्या हाताशिवाय पाणी येणार नव्हतं. बलुत्याच्या काळात ज्याची विद्या त्याच्या जातीला चिकटलेली होती. नट-बोल्टाला मात्र जात नव्हती. पाना ज्याला पेलतो त्याचा. एका हापशानं गावातली शिवाशिव संपली असं मी म्हणणार नाही, ती खोटी बढाई होईल. पण कुणाचा हात किती कामाचा, हे सगळ्या गावानं उघड्यावर बघितलं. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात तर महिला समाख्याच्या बायका, त्यातल्या कितीतरी दलित, हापसा दुरुस्तीच्या मेकॅनिक झाल्या. दांडा ज्यांच्या हातात, त्यांच्याच हातात पाना आला, हे मला फार न्यायाचं वाटतं.

पुढं मार्क तीन आला. त्याचा पाइप रुंद केला, म्हणजे सगळे पाइप न उपसता नुसत्या सळया ओढून दट्ट्या वर काढता येतो. आठ गड्यांचं काम दोघा-तिघांवर आलं. यंत्र करणाऱ्यानं दुरुस्ती करणाऱ्याचा विचार आधी केला, म्हणून हे झालं.

आता घरोघर मोटारी आहेत, नळ आहेत. चांगलंच आहे, बायकांच्या खांद्याचं ओझं उतरलं. पण पाण्यात बुडवलेली मोटार जळली की आपण तिला बघतसुद्धा नाही, उचलून दुकानात नेतो. घरातल्या बऱ्याच वस्तूंना आता स्क्रूच नसतो. न उघडणारी वस्तू हाताला काही शिकवत नाही. माझा नातू हुशार आहे, मोबाईलमधलं त्याला सगळं कळतं. पण मोटार घरघरली तरी त्याचे कान टवकारत नाहीत. ह्यात त्याचा काय दोष? त्याच्यापुढं काही खोललेलंच नाही.

म्हणून गावकऱ्यांना आणि गुरुजी-बाईंना एक मागणं आहे. बहुतेक शाळांपुढं एक हापसा अजून उभा आहे. काहींचा दांडा गेलाय, काहींची चेन गंजलीय. उन्हाळ्याआधी एक दिवस तो पोरापोरींसमोर खोला. वरचं झाकण काढलं की चेन, कमान, बेरिंग सगळं दिसतं. त्यांच्याच हातात पाना द्या, ग्रीस लावू द्या, हात काळे होऊ द्या. दांडा हलवून आधी आवाज ऐकायला लावा, मग विचारा काय बिघडलंय. आणि झाकण लावता लावता हेही सांगा, की ही घडण आपल्या सोलापुरातल्या एका मेकॅनिकच्या हातची आहे आणि आज आफ्रिकेतली पोरंसुद्धा तिचंच पाणी पितात.