बाळंतपणानंतर धूम्रपानमुक्ती : संप्रेरक उपचाराची शक्यता आणि मर्यादा

कोलकाता : गर्भारपणात सिगारेट किंवा बिडी सोडणे पुष्कळ स्त्रियांना जमते. ते टिकवणे अवघड जाते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार गर्भारपणात धूम्रपान सोडलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रिया प्रसूतीनंतर वर्षभरात पुन्हा त्या सवयीकडे वळतात. पोटात बाळ असताना नऊ महिने पाळलेला निग्रह बाळ हातात आल्यावर का मोडतो, या प्रश्नाचे उत्तर एरवी झोपमोड, थकवा, मनाची उदासी आणि घरात सिगारेट ओढणारी माणसे यांत शोधले जाते. ही कारणे खरीच आहेत. गेल्या दशकात मात्र संशोधकांनी त्यांच्या जोडीला आणखी एका कारणाचा विचार सुरू केला. ते म्हणजे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची प्रसूतीनंतर होणारी तीव्र घसरण.

गर्भारपणात वार प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणात निर्माण करते. शेवटच्या महिन्यांत रक्तातील त्याची पातळी एरवीच्या कितीतरी पट असते. वार पडताच हा स्रोत संपतो आणि काही दिवसांतच पातळी तळाशी येते. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन नावाचे द्रव्य तयार होते. मेंदूतील उत्तेजना शमवणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेवर त्याचा परिणाम होतो. बेचैनी आणि नशेची ओढ त्यामुळे काही अंशी आटोक्यात राहत असावी, असा तर्क आहे. याच द्रव्याचे औषधी रूप असलेल्या ब्रेक्सानोलोनला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी मान्यता दिली होती. त्यामुळे हा तर्क अगदीच हवेतला नाही.

या विचाराची पहिली पावले सिगारेटच्या नव्हे, कोकेनच्या संदर्भात पडली. येल विद्यापीठातील संशोधकांनी कोकेनचे व्यसन असलेल्या नवमातांना प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिले आणि २०१४ मध्ये त्याचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर मिनेसोटा विद्यापीठातील शेरॉन अ‍ॅलन यांच्या गटाने आणि येलमधील अ‍ॅरिअ‍ॅडना फोरे यांच्या गटाने अनुक्रमे २०१६ आणि २०१७ मध्ये धूम्रपानाबाबतच्या प्राथमिक चाचण्यांचे अहवाल दिले. दोन्ही ठिकाणी गर्भारपणात सिगारेट सोडलेल्या स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा, चार आठवडे देण्यात आले आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे स्त्रियांनाही ठाऊक नव्हते आणि संशोधकांनाही.

येलच्या चाचणीत प्रोजेस्टेरॉन घेतलेल्या स्त्रिया साधारण दहा आठवडे, तर दुसऱ्या गटातील स्त्रिया चार आठवडे सिगारेटपासून दूर राहिल्या. ओढही कमी जाणवल्याची नोंद आहे. ऐकायला हा फरक मोठा वाटतो. पण सहभागी स्त्रियांची संख्या इतकी लहान होती की हा फरक योगायोगाचाही असू शकतो, हे अहवालातच नमूद आहे. म्हणूनच या दोन्ही चाचण्या ‘प्राथमिक’ ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी उपचारविषयक मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांत निकोटिनचे पर्यायी उपचार, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन यांचा उल्लेख आहे, प्रोजेस्टेरॉनचा नाही.

भारतीय वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आपल्याकडे अपरिचित नाहीत. वंध्यत्वाच्या उपचारात आणि अकाली प्रसूती टाळण्यासाठी त्या सर्रास लिहून दिल्या जातात. घरात उरलेली पाकिटेही असतात. मात्र या गोळ्यांनी गुंगी येते, आणि रात्रीबेरात्री तान्ह्या बाळाला जवळ घेणाऱ्या आईसाठी ती क्षुल्लक बाब नव्हे. ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनात कृत्रिम संप्रेरक असते. ते आणि चाचण्यांत वापरलेले नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन एक नव्हेत. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाहीत.

कोलकात्यात, किंबहुना साऱ्या भारतात, हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. प्रौढांमधील तंबाखू वापराच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील केवळ २ टक्के स्त्रिया धूम्रपान करतात. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया १२.८ टक्के आहेत. पश्चिम बंगालमध्ये एकूण तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३३.५ टक्के, म्हणजे २८.६ या राष्ट्रीय सरासरीहून जास्त आहे. येथे पानातला जर्दा, खैनी आणि दात घासायचा ‘गुल’ बायकांच्या हाती सहज पडतो. महाराष्ट्रात त्याच जागी मिश्री आहे. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात बिड्या वळण्याचे काम करणाऱ्या स्त्रिया तर दिवसभर तंबाखूतच हात घालून बसतात.

मिश्री निरुपद्रवी आहे या समजुतीला मुंबईच्याच एका अभ्यासाने धक्का दिला. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी १,२१७ गर्भवतींचा मागोवा घेऊन २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने मिश्रीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सहा दिवस लवकर झाली. संप्रेरक उपचाराच्या परदेशी चाचण्या मात्र सिगारेट सोडलेल्या स्त्रियांवर झाल्या. मिश्री, गुल किंवा जर्दा सोडलेल्या बाळंतिणीला त्याचा उपयोग होईल काय, हे पाहण्यासाठी वेगळ्या चाचणीची गरज आहे.

तोवर उपलब्ध असलेली साधने कमी नाहीत. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत निकोटिनच्या पर्यायी उपचाराचा समावेश झाला आहे. स्तनपान करणाऱ्या मातेने मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. तंबाखू सुटली नसली तरी स्तनपान थांबवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तंबाखू घेतल्यावर लगेच पाजणे तेवढे टाळावे, कारण निकोटिन दुधात उतरते.

दुसरे साधन घरातच आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार ३८.७ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याच्या धुराचा त्रास सोसावा लागतो. बाळंतिणीच्या खोलीत नवऱ्याची किंवा सासऱ्याची बिडी पेटत असेल, तर सोडण्याचा सारा भार तिच्या एकटीच्या मनोबलावर टाकणे न्याय्य नाही.

रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी ‘आशा’ कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यावी, असा नवजात काळजी कार्यक्रमाचा दंडक आहे. परदेशी चाचण्यांतील चार आठवड्यांच्या औषधकाळात यातील पाच भेटी येतात. बाळाचे वजन आणि नाळ पाहताना आईला तंबाखूविषयी एक प्रश्न विचारायला औषधाची वाट पाहावी लागत नाही. तिला मदत हवी असल्यास राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या सेवेची केंद्रे पुढे मुंबई, बेंगळुरू आणि गुवाहाटी येथेही उघडली.