प्रत्यारोपित मूत्रपिंडातील खडा : उपचारांचा संक्षिप्त इतिहास

लखनौमध्ये तेलीबागहून रायबरेली रस्त्याने पुढे गेले की संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था लागते. तिची पायाभरणी डिसेंबर १९८० मध्ये झाली. तेथील एका विभागाच्या नावातच ‘मूत्ररोग’ आणि ‘मूत्रपिंड प्रत्यारोपण’ हे दोन्ही शब्द एकत्र आहेत. या दोन शाखा वेगवेगळ्या वाटांनी वाढल्या. त्या जिथे भेटतात, तो प्रश्न या टिपणात पाहू.

१. प्रश्नाचे स्वरूप

प्रत्यारोपित मूत्रपिंड पाठीकडे नव्हे, तर ओटीपोटात एका बाजूला, त्वचेच्या जवळ बसवतात. त्याच्या मज्जातंतूंची जोडणी होत नाही. त्यामुळे एरवी मुतखड्याने माणूस गडबडा लोळतो, तशी कळ येथे येत नाही. लघवी कमी होणे किंवा रक्तातील क्रिएटिनिन वाढणे, एवढीच खूण मिळते. खडा कधी दात्याच्या मूत्रपिंडातूनच येतो, तर कधी जंतुसंसर्ग किंवा पॅराथायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेमुळे नंतर तयार होतो. असे रुग्ण थोडे असतात. पण काम करणारे मूत्रपिंड एकच आणि तेही बहुधा जवळच्या नात्यातील व्यक्तीने दिलेले. वाट अडली तर पुन्हा डायलिसिस.

२. प्रत्यारोपणाची वाट

१९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. भारतात १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांच्या पथकाने पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण वाचला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरला यश आले. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाला कायम औषधे घ्यावी लागतात. त्यांमुळे जखम उशिरा भरते आणि संसर्गाचा धोका वाढतो. म्हणूनच मोठा छेद येथे अधिक महाग पडतो.

३. खड्याची वाट

१९७६ मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी त्वचेतून मार्ग करून खडा काढण्याची पद्धत मांडली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये आघात-लहरींनी पहिल्या रुग्णाचा खडा फोडला गेला. हे यंत्र डॉर्नियर या विमान कंपनीचे होते. लंबवर्तुळाकार परावर्तकाच्या एका नाभीवर ठिणगी आणि दुसऱ्या नाभीवर खडा, हे त्याचे तत्त्व. लवचीक दुर्बिणीचा पाया १९५४ मध्ये हॉपकिन्स आणि मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांच्या प्रकाशतंतूंवरील कामाने घातला.

४. दोन्ही वाटा भेटतात तेव्हा

तीनही पद्धती येथे जशाच्या तशा चालल्या नाहीत.

आघात-लहरी : मागे कटीचे हाड आडवे येते, म्हणून रुग्णाला पालथे झोपवून लहरी पुढून सोडतात. मात्र तुकडे मूत्रवाहिनीत अडकले तर एकमेव मूत्रपिंड बंद पडू शकते.

मूत्रमार्गातून दुर्बीण : नवी मूत्रवाहिनी बहुधा मूत्राशयाच्या वरच्या भागात जोडलेली असते. तिचे तोंड गाठणे अवघड जाते.

त्वचेतून मार्ग : मूत्रपिंड जवळ असल्याने रुग्ण उताणा असतानाच सुई घालता येते. मध्ये आतडे येऊ नये म्हणून सोनोग्राफीचा आधार घेतात. मोठ्या खड्यासाठी हाच मार्ग सोयीचा ठरला.

५. मार्ग किती बारीक?

नळीचा व्यास ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. जुना मार्ग ३० फ्रेंचपर्यंत, म्हणजे १० मिमी असे. नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयातील डॉ. महेश देसाई व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४.८५ फ्रेंच, म्हणजे सुमारे १.६ मिमी सुईची पद्धत प्रसिद्ध केली. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ पटींनी घटले. पण इतक्या बारीक मार्गातून तुकडे बाहेर काढता येत नाहीत. लेसरने भुकटी करावी लागते. म्हणून ती लहान खड्यांपुरतीच योग्य.

सारांश : येथे नवे यंत्र शोधण्यापेक्षा जुनी यंत्रे बदललेल्या शरीररचनेला जुळवून घेणे महत्त्वाचे ठरले. ‘कमीत कमी छेद’ हे साधन आहे. साध्य आहे ते मिळालेले मूत्रपिंड टिकवणे.

सरावासाठी प्रश्न
१. प्रत्यारोपित मूत्रपिंडात खडा असूनही कळ का येत नाही?
२. १८ फ्रेंच नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये काढा.
३. मार्ग जितका बारीक तितका उपचार चांगला, हे विधान तपासा.