शेवटचा आला तो वाचला, आठवा आला तो चॅम्पियन झाला

आज थोडं लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर निवांत वाचा. विषय फुटबॉलचा आहे, पण शेवटी गाडी आपल्या तालुक्यावरच येणार आहे, त्यामुळे "आपल्याकडं कुठं फुटबॉल खेळतात?" म्हणून पुढे सरकू नका.

साल २०१५-१६. देशात तेव्हा दोन मोठ्या फुटबॉल स्पर्धा होत्या. एक इंडियन सुपर लीग, सिनेनट आणि उद्योगपतींची, टीव्हीवर झगमगणारी. दुसरी आय-लीग, जुनी, कमी पैशांची, पण कागदोपत्री देशाची अधिकृत लीग. त्या मोसमात आय-लीगमध्ये नऊ संघ होते आणि त्यातले दोन पहिल्यांदाच खेळत होते. एक पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, दुसरा मिझोरामचा ऐझॉल एफसी. दोघांचाही पहिला मोसम अवघड गेला. १६ सामन्यांनंतर गुणतालिकेत ऐझॉल आठवा आणि शिवाजियन्स नववा, म्हणजे शेवटचा.

आता सांगा, खालच्या श्रेणीत कोण जायला पाहिजे? शेंबडं पोरगंही सांगेल, शेवटचा. पण झालं उलटं. शेवटचा आलेला पुण्याचा संघ वाचला आणि आठवा आलेला ऐझॉल खाली ढकलला गेला.

याचं कारण नियमात होतं. आय-लीगमध्ये यायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे खालच्या सेकंड डिव्हिजनमध्ये खेळा, जिंका आणि वर या. ऐझॉल तसाच २०१५ ची सेकंड डिव्हिजन जिंकून आला होता. दुसरा रस्ता कंपन्यांसाठी होता. महासंघाकडे प्रस्ताव द्या, पैसे भरा आणि थेट वरच्या वर्गात बसा. अशा थेट प्रवेशवाल्यांना आणखी एक सवलत होती, सुरुवातीची काही वर्षं कितीही हरलात तरी खाली ढकलणार नाही. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना क्लब, सेकंड डिव्हिजन खेळलेला. पण वर आला तो डी. एस. कुलकर्णी यांच्या डीएसके समूहाच्या जोरावर, थेट प्रवेशानं. बालेवाडीचं मैदान होतं, इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबसोबत पुण्यात अकादमी होती, डेरिक परेरांसारखा नावाजलेला गोव्याचा प्रशिक्षक होता. कशाचीच कमतरता नव्हती.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं बरं का. आदल्याच वर्षी, २०१४-१५ ला, कल्याणी समूहाचा भारत एफसी हा पुण्याचाच दुसरा संघ असाच थेट आला होता. तोही पहिल्याच मोसमात शेवटचा, अकरावा आला. तोही वाचला. आणि त्याच्या वर दहावा आलेला गोव्याचा धेंपो, पाच वेळा देशाचा विजेता झालेला क्लब, खाली गेला. वाचलेल्या भारत एफसीनं त्या सवलतीचं काय केलं? तो मोसम संपला आणि कंपनीनं क्लबच गुंडाळला. ज्याला वाचवलं तो राहिला नाही आणि ज्याला राहायचं होतं त्याला घालवलं.

आता ऐझॉलकडे वळू. खाली ढकलला गेलेला हा संघ त्याच वर्षी मे महिन्यात फेडरेशन कपच्या फायनलपर्यंत गेला. फायनलमध्ये मोहन बागाननं ५-० नं धुतला, ते सोडा, पण पोचला. पुढे काही महिन्यांत गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबांनी महासंघाच्या धोरणाला कंटाळून आय-लीग सोडली. पाठोपाठ वर परतण्याचा हक्क मिळवलेला धेंपोही बाहेर पडला. जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावलं गेलं. नशीब म्हणा हवं तर.

याच सुमारास मुंबईत एक गोष्ट घडली. खालिद जमील हे नाव आता तुम्हाला माहीत असेल, ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याआधी ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते, तब्बल सात वर्षं. मुंबई एफसी एस्सेल समूहाचा क्लब, २००७ मध्ये स्थापन झालेला, २००८ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून रीतसर वर आलेला. पैसा बेताचा, खेळ बचावाचा, पण जमील यांनी संघ कधी खाली जाऊ दिला नाही. २०१६ मध्ये क्लब आणि जमील वेगळे झाले. ऐझॉलनं त्यांना घेतलं. सोबत मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता हेही गेले.

पुढचं ऐकून विश्वास बसणार नाही, पण रेकॉर्ड काढून बघा. २०१६-१७ चा मोसम. एप्रिलच्या ३० तारखेला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी करून ऐझॉल एफसी ३७ गुणांवर देशाचा विजेता झाला. मोहन बागान एका गुणानं मागे राहिला. ईशान्येतल्या क्लबनं देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. आणि त्याच गुणतालिकेत सगळ्यात खाली, दहाव्या जागेवर कोण होतं? मुंबई एफसी. खाली गेला आणि संपला.

पुण्याच्या शिवाजियन्सचं काय? २०१६-१७ मध्ये तो तळातून वर आला होता, बरा खेळत होता. पण २०१७ मध्ये तोही लीगमधून बाहेर पडला. मूळ समूहाचाच पाया डळमळला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली डी. एस. कुलकर्णींना पोलिसांनी अटक केली. हजारो मध्यमवर्गीय ठेवीदारांचं दुःख मोठं आहे, त्यापुढे फुटबॉल क्लब ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण त्या अकादमीत घर सोडून आलेल्या पोरांचं काय झालं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

एकट्या पुण्याचा हिशोब मांडा. पिरामल समूहाचा पुणे एफसी, २००७ चा. दोन मोसम सेकंड डिव्हिजनमध्ये घाम गाळला, २००९ मध्ये वर आला, वरच्या पहिल्याच मोसमात देशात तिसरा. २०१२-१३ ला उपविजेता, पुढं आशियाई स्पर्धेतही खेळला. २०१५ मध्ये लीगमधून बाहेर. भारत एफसी, एक मोसम. डीएसके शिवाजियन्स, दोन मोसम. सुपर लीगचा एफसी पुणे सिटी, २०१४ ते २०१९, मग ती जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत चार क्लब. यातला एकही हरला म्हणून बंद पडला नाही. वरच्या माणसाचा विचार बदलला किंवा खिसा रिकामा झाला म्हणून बंद पडले. मुंबईचा महिंद्र युनायटेड तर २००५-०६ ला देशाचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीनं ठरवलं, आता बास. झालं, बंद.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. जुन्या सोव्हिएत रशियाचं उदाहरण घ्या. तिथं खासगी मालक नव्हते, पण क्लब कुणाच्या तरी खुंटीला बांधलेलाच असायचा. सीएसकेए लष्कराचा, डायनॅमो पोलीस खात्याचा, लोकोमोटिव्ह रेल्वेचा, टॉर्पेडो मॉस्कोच्या मोटार कारखान्याचा. खालच्या श्रेणीतल्या गावोगावच्या संघांच्या पाठीशीही बहुतेक एखादा कारखाना असायचा. आणि सवलती तिथंही होत्या. १९६७ मध्ये लेनिनग्राडचा झेनिट लीगमध्ये शेवटचा आला. पण ते क्रांतीचं पन्नासावं वर्ष, आणि लेनिनग्राड म्हणजे क्रांतीचं गाव. त्या गावाचा संघ खाली कसा पाठवणार? राहू दिला. १९७९ मध्ये ताश्कंदच्या पाख्ताकोर संघाचं विमान कोसळलं, खेळाडू आणि पथकातले मिळून १७ जण गेले. त्या क्लबलाही काही वर्षं खाली ढकलायचं नाही असं ठरलं. या दोन सवलतींत फरक आहे. पाख्ताकोरला दिलेली सवलत माणुसकीची होती, झेनिटला दिलेली सत्तेची होती, आणि आपल्याकडची थेट प्रवेशवाली पैशाची. पण झेनिटचा एक मुद्दा लक्षात ठेवा, शहर त्या क्लबच्या पाठीशी राहिलं आणि १९८४ मध्ये त्यानं लीग जिंकून दाखवली. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला, झेनिट आजही आहे.

म्हणजे प्रश्न सवलत मिळाली की नाही एवढाच नाही. खुंटी तुटल्यावर क्लबला धरून ठेवणारं खाली कुणी आहे का, हा आहे.

आपल्याच राज्यात याचं उत्तर कोल्हापुरात सापडतं. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, ही नावं तिथं शेंबड्या पोरालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला जेवढी गर्दी होते तेवढी आय-लीगच्या कितीतरी सामन्यांना झाली नसेल. हे संघ तालमीचे, पेठेचे. कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉल उभा राहिला. कधी ईर्षेपोटी गोंधळही होतात, देशाच्या लीगमध्ये हे संघ पोचलेले नाहीत, हेही खरं. पण कुठल्या कंपनीचा चेअरमन बदलला म्हणून पाटाकडील तालीम बंद झाली असं होत नाही, कारण ती पेठेची आहे.

ऐझॉलचंही तसंच. तिथं मालक आहे, रॉबर्ट रोमाविया रॉयते. पण मालकाच्या खाली सगळं राज्य फुटबॉलवेडं. २०१२ पासून त्यांची स्वतःची राज्य लीग. आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या साधारण ११ लाख. आपल्या एकट्या जालना जिल्ह्याची साडेएकोणीस लाखांच्या वर. आपल्या जिल्ह्यापेक्षा कमी माणसांच्या राज्यानं कोलकाता, बंगळुरू, मुंबई सगळ्यांना मागे टाकलं. पुढे ऐझॉलचे खेळाडू मोठ्या क्लबांनी नेले, विजेतेपद परत आलं नाही. पण क्लब मिटला नाही.

आणि कृपा करून "मराठवाड्याच्या मातीत फुटबॉल नाही" असं म्हणू नका. १९४८ पर्यंत आपला जाफराबाद ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी १९५१ आणि १९६२ मध्ये भारताला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं मुंबईत जाऊन १९५० ते ५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. १९५५ मध्ये मॉस्कोत याच भारतीय संघाला सोव्हिएत रशियानं ११-१ नं हरवलं होतं. पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. हरणं हा शेवट नसतो. हरल्यावर कुणी विचारणारंच उरलं नाही, की शेवट होतो.

आता आपल्या गावाचं बोलू. वीस वर्षं बातमीदारी करताना किती "भव्य चषक" बघितले, त्याची मोजदाद नाही. कबड्डी असो, व्हॉलीबॉल असो, टेनिस बॉल क्रिकेट असो. बॅनरवर नेत्याचा फोटो खेळाडूंपेक्षा मोठा. पहिलं बक्षीस रोख, डीजे, फटाके. निवडणूक झाली की पुढच्या वर्षी चषक नाही, मंडप नाही आणि फोन लागत नाही. पोरं पुन्हा पाटाच्या कडेनं किंवा शेत रिकामं झालं की तिथं खेळतात. नेत्यांना शिव्या घालण्यात मला रस नाही. देणारा देतो ते घ्यावं. पण संघ त्याच्या नावावर ठेवू नये.

साधं आहे. मंडळाची नोंदणी करा. सभासद करा, वर्षाला शंभर रुपये का होईना, पण गावातल्या दोनशे घरांतून घ्या. हिशोब गणपतीच्या वर्गणीसारखा फळ्यावर लावा. शाळेच्या मैदानाबाबत मुख्याध्यापकांशी लेखी ठरवा, तोंडी नको. नगरपंचायतीकडे खेळाच्या मैदानासाठी राखीव जागा कोणती, ती मोकळी आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. मी अर्ज टाकतोय, उत्तर आलं की इथंच टाकीन. आणि पहिल्या वर्षी तालुक्यात शेवटचे आलात तरी दुसऱ्या वर्षी नाव नोंदवा.

कबड्डीचा, खो-खोचा, व्हॉलीबॉलचा, कुठलाही चालेल. जाफराबाद, टेंभुर्णी, माहोरा, जिथून कुठून वाचत असाल तिथला एखादा संघ दहा वर्षांपेक्षा जास्त टिकला असेल तर खाली लिहा. कुणाच्या पैशावर नाही, कुणाच्या जिवावर टिकला ते लिहा. त्या माणसांवर मला बातमी करायची आहे.